आत्याची दोन नावे आणि एक कार्ड

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमच्या आत्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. दर दिवाळीला ती आमच्याकडे येते, येताना डबाभर अनारसे आणते आणि जाताना आमच्या सौभाग्यवतींच्या चकलीत मोहन किती कमी पडले ते सांगून जाते. वय अठ्ठ्याहत्तर, दात स्वतःचे, आवाज शाळामास्तरणीचा. तिच्या आळीत कोणालाही विचारा, आत्याला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. अशा या बाईला, आपण कोण आहोत हे सिद्ध करण्यासाठी, गेल्या दोन वर्षांत पाच वेळा कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आणि त्याला कारण झालो आम्ही. ती कबुली आज द्यायची आहे. पण तिथवरचा रस्ता ओळखपत्राच्या कारखान्यातून जातो, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

गेल्या दिवाळीची गोष्ट. फराळाची ताटे मांडली होती. आत्याने चष्मा शोधण्यासाठी आपली कापडी पिशवी सतरंजीवर पालथी केली, तर चष्मा निघाला नाहीच. निघाली ती तपकिरीची डबी, विठोबाची तसबीर, आणि रबरात बांधलेली कार्डांची चळत. चिरंजीवांनी त्यातले आधार कार्ड उचलले आणि दिव्यासमोर तिरपे धरले. त्यावरचा चकचकीत ठिपका रंग बदलू लागला.

"आत्याआजी, हे असं का चमकतं?"

आत्या म्हणाली, "ते मला नको विचारूस. अण्णांना विचार. त्यांचा जन्म शाईत गेला."

अण्णा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांनी चाळीस वर्षे छापखान्यात काढली आहेत, आणि अजूनही पाहुणा म्हणून एखाद्याच्या लग्नाला गेले की आधी पत्रिकेची छपाई पाहतात, मग नवरा-नवरी. त्यांच्या खिशात भिंग असतेच. त्यांनी हात पुसले, आत्याचे कार्ड घेतले आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "अहो, तुमचंही काढा की."

आमचे कार्डही तसेच, प्लास्टिकचे, गुळगुळीत. कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घेतलेले. आत्याचे मात्र चिरंजीवांनी रीतसर सरकारकडून टपालाने मागवलेले होते. ही प्लास्टिकची अधिकृत कार्डे २०२० च्या ऑक्टोबरपासून मिळू लागली. तेव्हा त्यांची फी ५० रुपये होती. तेवढे पैसे वाचवण्याची अक्कल आम्ही दाखवली होती.

अण्णांनी दोन्ही कार्डांवरून भिंग फिरवले आणि ते चिरंजीवांच्या हाती दिले. आत्याच्या कार्डावर जिथे आम्हाला साधी रेघ दिसत होती, तिथे भिंगाखाली मुंगीच्या पायाएवढी अक्षरे ओळीने उभी होती. आमच्या कार्डावर भिंगाखाली नुसते रंगीत ठिपके आणि फराटे.

"हे बघ," अण्णा म्हणाले, "घरचं छपाईयंत्र काय करतं? समोर नक्षी असो, अक्षर असो की तुझ्या बाबांचा चेहरा असो, चार रंगांचे ठिपके शेजारी शेजारी टाकून ते तसा भास उत्पन्न करतं. खऱ्या कार्डावरची रेघ एकाच खास शाईची, सलग ओढलेली असते. भास करणाऱ्याला ती जमत नाही. तुझ्या बाबांनी घेतलं ते कार्डाचं चित्र आहे, कार्ड नव्हे."

सौभाग्यवतींनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन करण्याची गरज नाही. पुढे आम्हाला समजले की बाजारात छापलेल्या अशा प्लास्टिक प्रती वापरू नयेत, त्यांत सुरक्षेच्या खुणा नसतात, असे आधार प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीतच लोकांना सांगितले होते. घरोघरी आमच्यासारखे काटकसरी पुरुष असणार, असे त्यांना वाटले असावे.

मग अण्णांनी कहाणी मुळापासून सुरू केली. ती आम्ही इथे आमच्या शब्दांत सांगतो.

पूर्वीचे ओळखपत्र आठवा. आमच्या वडिलांच्या पेटीत त्यांचे कॉलेजचे कार्ड अजून आहे. पुठ्ठ्यावर नाव शाईने लिहिलेले, फोटो खळीने चिकटवलेला, आणि त्यावर जांभळा गोल शिक्का: अर्धा फोटोवर, अर्धा पुठ्ठ्यावर. तो अर्धा-अर्धा शिक्का म्हणजे या शास्त्राची बाराखडी. फोटो उपटून दुसरा चिकटवला तर शिक्क्याचे दोन तुकडे जुळायचे नाहीत. आपल्याकडे ही हुशारी त्याहूनही जुनी. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुख्य शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी छोटे मोर्तब उठवीत. मोर्तबाचा अर्थ, पत्र इथे संपले, याच्या खाली कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो. तो मुळात कागदाच्या सुरक्षिततेचा शब्द आहे.

आजच्या कार्डात एवढेच होते, पण प्लास्टिकच्या पोटात. जगभर ही कार्डे एका मापाची असतात: लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर, जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर. बँकेचे कार्ड, आधाराचे कार्ड, सारी त्याच मापाची, म्हणून तर ती एका पाकिटात मावतात. पण पाऊण मिलिमीटरचे ते कार्ड एकसंध पत्रा नसते. त्यात पदर असतात. मधल्या पांढऱ्या पदरावर छपाई होते, वरून खालून पारदर्शक पदर येतात आणि सगळी चवड उष्णता आणि दाब देऊन एकजीव केली जाते. छपाई सुट्या कार्डावर होत नाही. एका मोठ्या तावावर अनेक कार्डे छापतात, पदर बसल्यावर मग ती वड्यांसारखी कापून काढतात.

सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे चिरोटेच की!"

उपमा चांगली होती, पण अण्णांनी ती उलटी फिरवली. चिरोट्याचे पदर सुटे सुटावेत यात सुगरणीची परीक्षा. कार्डाचे पदर मुळीच सुटू नयेत यात कारागिराची. साधे पीव्हीसी प्लास्टिक असेल तर पदर कधीकाळी सुटण्याची भीती राहते. म्हणून अनेक देशांच्या ओळखपत्रांत आणि पासपोर्टांत पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक वापरतात. त्याचे पदर तापवून दाबले की गोंदाशिवाय एकमेकांत मिसळतात. मग कोणी सुरी घालून पदर सोडवू गेला तर कार्डाचेच तुकडे होतात. त्यावर नाव आणि फोटो उमटवायची तऱ्हाही निराळी. शाई वापरीतच नाहीत. लेसरचा किरण पारदर्शक पदरातून आत जातो आणि आतला पदर जिथल्या तिथे काळा करतो. वरून खरवडायला काही नसतेच, कारण अक्षर पृष्ठभागाखाली असते.

आता नक्षी. या कार्डांवर आणि नोटांवर मागे जी नाजूक रेषांची जाळी असते, तिला गिलोश म्हणतात. लहानपणी दातेरी चाकात पेन्सिल घालून आपण फुले काढीत असू, त्याच जातीची ही रेघ. आत्याने तिला लगेच आपल्या भाषेत बसवले. "म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. बोट न उचलता काढलेली. मध्ये कोणी पाय दिला की लगेच दिसतं." अण्णा खूष झाले. नेमके तेच. अशा रेषेत एखादे अक्षर खोडून दुसरे लिहायला जा, नक्षी तुटते आणि तुटलेली जागा सांगून जाते की इथे कोणीतरी पाय दिला. शिवाय एका रंगातून दुसऱ्या रंगात ती रेघ हळूहळू विरत जाते, कारण छापतानाच दोन शाया एकमेकींत मिसळू दिलेल्या असतात. जोड कुठेच दिसत नाही.

मग काही गुप्त खुणा. काही शाया साध्या उजेडात दिसतच नाहीत, जांभळ्या दिव्याखाली मात्र चमकतात. किराणा दुकानदार नोट तपासतो तो दिवा हाच. काही खुणा तिरपे धरल्यावर रंग बदलतात. घरच्या घरी पाहायचे तर पाचशेची नोट घ्या आणि तिच्यातला धागा हलवून पाहा. हिरवा होता तो निळा दिसू लागेल. आणि आत्याच्या कार्डावर फोटोशिवाय तिच्याच चेहऱ्याची आणखी एक फिकट छाया होती. पहिल्यांदा पाहताना आम्हाला तो छपाईचा दोष वाटला होता. ती छाया म्हणजे वडिलांच्या कार्डावरचा अर्धा शिक्का. मुख्य फोटो बदलणाऱ्याला ही छायाही बदलावी लागेल, आणि ती नक्षीत विणलेली असते.

इतका वेळ डोळ्यांच्या परीक्षा झाल्या. पुढची परीक्षा आकड्यांची, आणि ती चिरंजीवांना सर्वांत आवडली. ओळखपत्रावरच्या क्रमांकात एक आकडा पहारेकरी असतो. बाकीच्या आकड्यांवरून तो हिशेबाने काढलेला असतो. आधाराच्या १२ आकड्यांतला शेवटचा असा पहारेकरी आहे. तो काढण्याची रीत याकोबस वेरहोफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडली. ती जरा गुंतागुंतीची आहे, पण शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी तिला कळते.

पासपोर्टावरची रीत सोपी आहे, घरी करून पाहता येते. पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, यंत्राने वाचण्यासाठी. त्यांत जन्मतारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने असते. आपल्या स्वातंत्र्याचा दिवस घेऊ: ४७, ०८, १५. या सहा आकड्यांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचे. अठ्ठावीस, एकवीस, शून्य, छप्पन्न, तीन, पाच. बेरीज ११३. दहाने भागून बाकी उरली ३. हा झाला पहारेकरी. आता कारकुनाने घाईत ४७ च्या जागी ७४ टाकले असे समजा. एकोणपन्नास, बारा, शून्य, छप्पन्न, तीन, पाच. बेरीज १२५, बाकी ५. दारात ३ उभा आहे आणि हिशेब ५ म्हणतो, म्हणजे आत काहीतरी चुकले. चिरंजीवांनी त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे पहारेकरी काढले. आत्याचा त्यांनी दोनदा काढला, कारण पहिल्यांदा तिने त्यांची बेरीज चुकलेली पकडली.

पण पहारेकरी चुकीला अडवतो, लबाडाला नव्हे. हिशेबाची रीत माहीत असलेला लबाड पहारेकरीही नवा बसवील. त्याच्यासाठी कार्डावरचा तो काळा-पांढरा चौकोन असतो. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटोसुद्धा साठवलेला असतो आणि त्यावर आधार प्राधिकरणाची अंकीय सही असते. ही सही समजून घ्यायची तर दोन किल्ल्यांचे कुलूप डोळ्यांसमोर आणा. बंद करायची किल्ली एकट्या कचेरीकडे. उघडून पाहायची किल्ली साऱ्या गावाकडे. गावातला कोणीही कुलूप उघडून आतला मजकूर ताडून पाहू शकतो, पण एक अक्षर बदलून पुन्हा तसेच कुलूप लावणे कचेरीवाचून कोणाला जमत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. लबाड माणूस दुसऱ्याच्या कार्डावरचा चौकोन जसाच्या तसा उचलून आपल्या फोटोशेजारी छापू शकतो. म्हणून भाडेकरू ठेवताना नुसते कार्ड पाहू नये. फोनवर तो चौकोन वाचून आतून निघालेला फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडावा.

एवढे झाल्यावर आम्ही म्हणालो, "अण्णा, इतके कुलुपबंद काम असताना खोटी कागदपत्रे निघतात तरी कशी?"

अण्णांनी अनारसा खाली ठेवला. "कला चोरून नाही निघत," ते म्हणाले, "कोरा माल चोरून निघतात."

आणि मग त्यांनी नाशिकरोडचा विषय काढला. तिथले सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभे राहिले. त्यापूर्वी आपली टपालाची तिकिटे लंडनच्या एका कंपनीकडून छापून येत. पुढे याच नाशिकरोडला मुद्रांक निघू लागले, आणि आपले पासपोर्टही तिथेच छापले जातात. नव्या पासपोर्टात आता चिप असते. २०२४ मध्ये प्रथम नागपूर आणि भुवनेश्वर येथे ते प्रायोगिक रीतीने सामान्य नागरिकांना देण्यात आले. असल्या छापखान्यात शाईपेक्षा मोजणीला मान असतो. कोरा ताव आत येताना मोजायचा, प्रत्येक टप्प्यावर मोजायचा, बिघडलेला ताव फेकायचा नाही, तोही वहीत लिहून मगच नष्ट करायचा. कोरी कार्डे बनवण्याचे काम आणि त्यांवर माणसाचे नाव-फोटो उमटवण्याचे काम शक्य तो वेगवेगळे ठेवायचे. कारण कोऱ्या कार्डावर नक्षी खरी, शाई खरी, सगळे खरे असते. नाव तेवढे खोटे घातले की संपले. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात काय झाले? नाशिकच्या मुद्रणालयातून मोडीत निघालेली यंत्रे त्याच्या हाती गेल्याचे तपासात आढळले. २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. मुद्रांकाची नक्षी कितीही अवघड असो, जुनी यंत्रे ज्या दाराने बाहेर गेली त्या दारावर नक्षी नव्हती.

अण्णांचे बोलणे संपले तेव्हा सगळे कौतुकाने आत्याच्या कार्डाकडे पाहत होते. आत्याने ते उचलून पिशवीत टाकले आणि शांतपणे म्हणाली, "कार्ड अगदी खरं आहे रे. त्यापुढे मीच खोटी ठरले."

आता आमची कबुली.

आधाराचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. २०१२ साली आम्ही आत्याला घेऊन केंद्रावर गेलो. रांग मोठी होती आणि आम्हाला कचेरीची घाई होती. आत्याच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. साठ वर्षे राखेने भांडी घासलेली बोटे. त्यांवरच्या रेषा कुठल्या राहायला? या देशात ठशाने माणूस ओळखण्याची सुरुवात जुनी आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला होता. पण भांडी घासणाऱ्या बाईचे काय करायचे याचा विचार त्या साहेबाने केला नसावा. अखेर ओल्या फडक्याने बोटे पुसून, पुन्हा पुन्हा दाबून ठसे कसेबसे मिळाले. डोळ्यांच्या बुबुळांचीही छबी घेतली. हे सगळे होईतो आम्ही चारदा घड्याळ पाहिले.

आत्याजवळ दोन कागद होते. शाळेच्या पेन्शनचे फोटोचे कार्ड, त्यावर 'कुसुम'. आणि रेशनकार्ड, त्यावर 'जानकी'. दोन्ही खरी. कुसुम हे आजीने पाळण्यात ठेवलेले नाव. लग्नाआधीपासून ती शाळेत शिकवीत होती, तिथल्या दप्तरात तेच राहिले. जानकी हे १९६९ साली तिच्या लग्नात काकांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले नाव. सासरी, रेशनला, काकांच्या सगळ्या कागदांत तेच लागले. महाराष्ट्रातल्या किती घरांत अशा दोन नावांच्या बायका आहेत हे वाचकांना सांगायला नको.

यंत्रापाशी बसलेल्या मुलीने विचारले, "नाव कोणतं घालू?"

तिने विचारले होते आत्याला. उत्तर दिले आम्ही. "कुसुमच घाला. सगळे तेच म्हणतात."

मुलीने नाव टाकले. नियमाप्रमाणे पडदा आमच्याकडे फिरवून म्हणाली, "एकदा वाचून घ्या." आम्ही वाचले नाही. "ठीक आहे, ठीक आहे," म्हणालो. आत्याजवळ चष्मा नव्हता. तिने आमच्याकडे पाहिले आणि मान डोलावली.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. त्यांनी आत्यासाठी बँकेत एक ठेव राखली होती. मोठी नव्हे, पण एकटीचे म्हातारपण निघावे एवढी. त्या ठेवीच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने वारस म्हणून नाव लिहिले होते: जानकी. त्यांच्या मागे तिला त्या नावाने हाक मारणारे कोणी राहिलेले नाही. ते नाव आता त्या कागदावरच तेवढे होते. बँकेतला अधिकारी सभ्य होता. तो म्हणाला, "आजी, तुमचं कार्ड अगदी बरोबर आहे. पण कार्डावर कुसुम आहेत. आमच्या कागदावर जानकीबाई आहेत."

मग कार्डावरचे नाव बदलावे, असे आम्ही सुचवले. तर पेन्शन कुसुमच्या नावाने येते, ती अडणार. बदलले तर पेन्शन, न बदलले तर ठेव. नावाच्या एका रकान्यात आमच्या एका 'ठीक आहे'ने आत्याचे अर्धे आयुष्य बसवले होते आणि अर्धे बाहेर ठेवले होते. आणि सूक्ष्माक्षरे, नक्षी, छाया, पहारेकरी, दोन किल्ल्यांचे कुलूप, ही सारी फौज आता इमानेइतबारे आमच्या त्या बेफिकिरीचे रक्षण करीत होती. ती फौज सांगितलेली गोष्ट बदलू देत नाही. काय सांगावे हे तिला कोण शिकवणार?

काम शेवटी कशाने झाले म्हणाल, तर जुन्याच रीतीने. कुसुम आणि जानकी या एकच बाई आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे लागले, त्याला दोन माणसांची साक्ष लागली. एक साक्षीदार आत्याच्या सासरच्या वाड्यातल्या जुन्या शेजारीण. दुसरे आमचे वडील, वय वर्षे चौऱ्याऐंशी. त्यांना रिक्षातून बँकेत नेले. अधिकाऱ्याने विचारले, "आजोबा, या दोन्ही नावांच्या बाई एकच, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

बाबा म्हणाले, "कसं म्हणजे? तांदळाचं ताट मी धरलं होतं. माझा हात हलला म्हणून 'की'ची वेलांटी वाकडी आली होती. ही हसली होती."

अधिकाऱ्याने लिहून घेतले. पुढे आणखी दोन फेऱ्या झाल्या, पण यंदाच्या दसऱ्याआधी ठेव आत्याच्या खात्यावर जमा झाली. आत्याने आम्हाला एका शब्दाने दुखावले नाही. "तू घाईत होतास, बाळ," एवढेच म्हणाली. रागावली असती तर बरे वाटले असते.

परवा चिरंजीवांना अठरा पूर्ण झाली. मतदार ओळखपत्राचा अर्ज फोनवरच भरायचा होता. १९९३ साली टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत ही फोटोची ओळखपत्रे सुरू झाली तेव्हा रांगेत उभे राहावे लागे, आता सतरंजीवर लोळत काम होते. चिरंजीवांनी भराभर रकाने भरले आणि शेवटचे बटण दाबायला अंगठा पुढे केला.

"थांब," आत्या म्हणाली. तिने चष्मा लावला. "आधी मोठ्याने वाच. एकेक अक्षर."

"आत्याआजी, बरोबर आहे सगळं."

"तुझा बापही असंच म्हणाला होता."

चिरंजीव वाचू लागले. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, घर क्रमांक. आमच्या नावापाशी आत्याने हात वर केला. दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व पडली होती. चिरंजीवांनी ती सुधारली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. या वेळी आम्हीही त्यांच्या खांद्यावरून पडद्यावरचे अक्षर न् अक्षर वाचत होतो.

"हं," आत्या म्हणाली, "आता दाब."